नारळापासून गदेपर्यंत

राधानगरीत लहानपणी आम्हा पोरांना मिळणारं सगळ्यात मोठं बक्षीस म्हणजे नारळ. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपार कलली की फडात हलगी वाजायला लागायची. नामांकित पैलवानांच्या कुस्त्या संध्याकाळी. त्याआधी पोरासोरांच्या. कुणी रेवड्यांवर लढायचं, कुणी नारळावर. मी एकदाच लढलो. वय वर्षं नऊ. समोरचा पोरगा धनगरवाड्यावरचा, माझ्यापेक्षा बुटका. त्यानं मला कसं चितपट केलं हे अजून माझ्या ध्यानात आलेलं नाही. नारळ त्यालाच मिळाला. पण जाताना त्यानं तो दगडावर फोडला आणि अर्धं भकल माझ्या हातात ठेवलं. माझ्या कुस्तीचा इतिहास इथंच संपतो. आज ज्या बक्षिसाचा इतिहास सांगायचा आहे ते मात्र फार वजनदार आहे. महाराष्ट्र केसरीची गदा.

आमच्या भागात कुस्तीचं बोलणं शाहू महाराजांपासून सुरू होतं. राधानगरी तर त्यांच्या लेकीच्या, राधाबाईंच्या नावानंच वसलेली. भोगावतीवरचं धरण त्यांचं, तशीच कोल्हापूरची तालीमही त्यांची. १९०२ साली महाराज विलायतेला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचं जुनं वर्तुळाकार क्रीडागृह पाहिलं. तसं मैदान आपल्याकडं असावं हे त्यांच्या मनानं घेतलं आणि १९१२ साली खासबागेचं मैदान उभं राहिलं. कुठंही बसा, आखाड्यातली पकड सारखीच दिसते. पंजाबचे मोठमोठे मल्ल इथं आले. गामाचा भाऊ इमामबक्ष इथं लढून गेला. त्या काळी पैलवानाला फेटा मिळायचा, चांदीचं कडं मिळायचं, रोख इनाम मिळायचं आणि खुराकाची सोय व्हायची. राजाश्रय होता म्हणून हे चाललं.

संस्थानं विलीन झाली तसा हा आश्रय गेला. मग पैलवानांचा वाली कोण? १९५३ साली मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकारानं महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. राज्याचा एकच अजिंक्य मल्ल ठरवावा म्हणून १९६१ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरली. पहिले महाराष्ट्र केसरी झाले दिनकर दह्यारी. एका राजाच्या मर्जीवर चालणारी गोष्ट साऱ्या राज्याच्या मैदानात आली. पुढं गादीवरची कुस्ती आली तशी स्पर्धेनं एक चांगली रीत धरली. माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता यांची शेवटची लढत लावायची. जुनं आणि नवं, दोघांनाही मान.

आज आपण जी गदा ओळखतो ती मामासाहेबांच्या आठवणीची आहे. ते गेल्यानंतर, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून, मोहोळ कुटुंबीय दरवर्षी विजेत्याला चांदीची गदा देत आले. आत सागवानी लाकूड, वरून चांदीचा पत्रा. वजन दहा-बारा किलो. एका बाजूला मारुतीराय, दुसऱ्या बाजूला मामासाहेब. विजेता ती खांद्यावर घेतो आणि मैदानाला फेरी मारतो, तेव्हा त्या चांदीत हजारो माणसांचे डोळे असतात.

आमच्या तालुक्याला हा मान फार लवकर मिळाला. अर्जुनवाड्याचे दादू चौगुले. कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत गणपतराव आंदळकरांच्या हाताखाली ते तयार झाले आणि १९७० व १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षं महाराष्ट्र केसरी झाले. पुढं हिंद केसरी झाले. १९७४ साली न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चला राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवलं. माझ्या अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानात एकच चित्र, वर्तमानपत्रातून कापलेलं, दादूंचं. पंक्चर काढायला आलेल्या प्रत्येकाला अब्बा विचारायचे, "वळखलास का? आपल्यातला हाय." या 'आपल्यातला' शब्दाचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता. आज वाटतं, तालुका, माती, भोगावतीचं पाणी, सगळं त्या एका शब्दात होतं. दादूंचे चिरंजीव विनोद चौगुले २००० साली महाराष्ट्र केसरी झाले. त्यानंतर कोल्हापूरची गदा जी रुसली, ती २०२२ साली साताऱ्यात पन्हाळा तालुक्यातल्या देवठाण्याच्या पृथ्वीराज पाटलानं परत आणली. दादू ते बघायला नव्हते. ते २०१९ साली गेले.

'आपल्यातला' या शब्दाची आणखी एक गोष्ट. सोलापूर जिल्ह्यातल्या बोरामणीच्या शेख घराण्यानं महाराष्ट्राला तीन महाराष्ट्र केसरी दिले. १९८० साली इस्माईल, १९९२ साली आप्पालाल आणि २००२ साली मुन्नालाल. मारुतीरायाची गदा शेखांच्या घरी गेली आणि कुणाला त्यात नवल वाटलं नाही. वाटायचं कारणही नव्हतं. कोल्हापूरच्या कित्येक तालमींत आजही मोहरमला पंजे बसतात आणि त्याच तालमीत मारुतीही असतो. शड्डू ठोकताना कुणी 'या अली' म्हणतो, कुणी 'बजरंगबली की जय'. अंगाला लागणारी माती एकच, ताक-हळद-तेल घालून मळलेली. ती कुणाचं आडनाव विचारत नाही.

माझा भाचा कॅनडात असतो. तिकडं बर्फावरची हॉकी म्हणजे आपल्याकडची कुस्तीच. त्यानं सांगितलं, मामू, इथं पोरांच्या हॉकीचा एक करंडक आहे, मेमोरियल कप. पहिल्या महायुद्धात मेलेल्या कॅनडाच्या सैनिकांच्या आठवणीसाठी १९१९ साली तो सुरू झाला. आणि त्यांचा जो सगळ्यात मोठा करंडक, स्टॅन्ली कप, त्यावर जिंकणाऱ्या खेळाडूंची नावं कोरतात. करंडक एकच, तो हातोहात फिरतो. मी विचारात पडलो. आपली गदा दरवर्षी नवी. ज्याची तो घरी नेतो. म्हणून सगळ्यांची नावं एका जागी कोरलेली अशी गदाच नाही. आपली यादी पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी. एकेक म्हातारा उठला की एकेक ओळ पुसली जाते.

आणि अलीकडं त्या यादीचाच गोंधळ व्हायला लागला आहे. संघटनांमधल्या वादामुळं २०२३ च्या नोव्हेंबरात थोड्या दिवसांच्या अंतरानं दोन महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाल्या. पुण्याजवळ फुलगावला शिवराज राक्षेला हरवून सिकंदर शेख जिंकला. धाराशिवला तोच शिवराज राक्षे विजेता ठरला. २०२५ सालीही अहिल्यानगरला आणि कर्जतला अशा दोन स्पर्धा झाल्या. यात पैलवानांचा दोष काय? ते पहाटे चारला उठतात, हजार हजार जोर-बैठका मारतात. बापानं म्हैस विकून दूध-बदामाचा खर्च केलेला असतो. असा पोरगा जिंकून घरी येतो आणि गावातलाच कुणी विचारतो, "ही खरी का ती खरी?" हा प्रश्न त्या पोराला दहा किलोच्या गदेपेक्षा जड जातो. पहिल्या स्पर्धेमागची कल्पनाच मुळी ही होती की साऱ्या महाराष्ट्रानं एका मल्लाला आपला म्हणावं. दोन गदा झाल्या की मान दुप्पट होत नाही, निम्मा होतो.

तरी मी निराश नाही. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी जिंकली. एका बाजूला मोठ्या माणसांची भांडणं चाललेली असताना दुसऱ्या बाजूनं पोरी आखाड्यात उतरल्या. माती आपलं काम करत असते.

माझं मागणं लहान आहे. प्रत्येक तालुक्यात, तालमीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीवर, त्या भागातल्या मल्लांची नावं लिहावीत. जिंकलेल्यांची आणि शेवटच्या फेरीत हरलेल्यांचीसुद्धा, कारण हरणारा तोलामोलाचा असतो म्हणून तर जिंकणाऱ्याला किंमत. धनगरवाड्यावरच्या त्या पोराला हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं नारळ जिंकला होता आणि अर्धा मला दिला होता. नाव मात्र मी त्याला विचारलं नाही, ती चुटपुट राहून गेली. गदेचं भांडण ज्यांच्या हाती आहे त्यांनी एकदा जत्रेत पोरांच्या कुस्त्या बघायला यावं. नारळ कसा फोडतात ते दिसेल.