ध्वजाचे रंग आणि त्यांचा अर्थ

हातोदच्या आमच्या शाळेत ध्वजवंदनानंतर मुले रंगांचा अर्थ विचारतात. होळकरांच्या या मुलखात पूर्वी तांबडे-पांढरे निशाण असे. मल्हाररावांनी ते आपले आश्रयदाते कदम बांडे यांच्या उपकारांची आठवण म्हणून घेतले, अशी परंपरा आहे. त्या निशाणात एका पुरुषाची कृतज्ञता होती. राष्ट्रध्वजाचा अर्थ मात्र विचारविनिमयाने ठरला. १९२१ मध्ये त्याचे रंग निरनिराळ्या धर्मसमाजांचे मानले जात. १९३१ साली काँग्रेसने तो अर्थ बुद्ध्याच टाकला आणि केशरी धैर्य व त्यागाचा, पांढरा सत्य व शांतीचा, हिरवा श्रद्धा व शौर्याचा ठरविला. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने चक्रांकित तिरंगा स्वीकारला. तरीही ‘हा रंग आमचा, तो त्यांचा’ असे काही मुले अजून म्हणतात. ती वाटणी त्यांच्या मनातून पुसणे हे आम्हां शिक्षकांचे कर्तव्य होय.