क्रोम एक्स्पेरिमेंट्स

क्रोम एक्स्पेरिमेंट्स : आधुनिक ब्राउझरमध्ये, कोणतेही प्लगइन न बसविता, जावास्क्रिप्ट व तिच्या आनुषंगिक तंत्रांच्या बळावर चालणाऱ्या सर्जनशील, परस्परसंवादी प्रयोगांचा संग्रह. गूगल कंपनीने तो मार्च २००९ मध्ये १९ प्रयोगांनिशी खुला केला. पुढे जगभरातील प्रोग्रामर व कलावंत यांच्या रचना त्यात दाखल होत गेल्या आणि २०१५ मध्ये त्यांची संख्या १,००० वर पोहोचली.

पार्श्वभूमी : ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत अवघ्या दहा दिवसांत जिचा पहिला आराखडा सिद्ध केला, त्या जावास्क्रिप्टकडे दीर्घकाळ किरकोळ कामेच सोपविली जात, अर्जातील रकाने तपासणे, माउस येताच चित्र पालटणे, एवढ्यापुरताच तिचा अंमल असे, आणि ॲनिमेशन वा खेळ यांसाठी बहुधा फ्लॅश या प्लगइनचा आश्रय घ्यावा लागे. ही स्थिती पालटण्यास मुख्यतः दोन गोष्टी कारणीभूत झाल्या. ॲपलने २००४ मध्ये प्रचारात आणलेल्या व पुढे एचटीएमएल-५ मध्ये समाविष्ट झालेल्या ‘कॅनव्हास’ या घटकाने वेबपृष्ठावर हवे ते चित्र प्रोग्रामद्वारे रेखाटण्याची मुभा दिली. आणि लार्स बाक यांच्या नेतृत्वाखाली डेन्मार्कमधील ऑरहूस येथे घडलेल्या ‘व्ही-८’ इंजिनाने जावास्क्रिप्टचे थेट यंत्रभाषेत रूपांतर करून तिला मोठी गती दिली. याच इंजिनासह सप्टेंबर २००८ मध्ये आलेल्या गूगलच्या क्रोम या ब्राउझरची ही गती कोरड्या आकड्यांऐवजी कलाकृतींतून प्रत्ययास आणून द्यावी, ही संग्रहामागील तजवीज होती.

कार्यपद्धती : अशा प्रयोगांचा गाभा म्हणजे अखंड चालणारे एक आवर्तन होय. प्रत्येक खेपेस प्रोग्राम माउसची स्थिती टिपतो, तदनुसार प्रत्येक आकृतीचे स्थान व वेग यांचे गणित करतो आणि जुने चित्र पुसून नवे काढतो. हे सर्व सामान्यतः सेकंदाला साठ वेळा, म्हणजे सुमारे सतरा मिलिसेकंदांच्या मुदतीत उरकावे लागते, आणि ती मुदत टळली की हालचाल अडखळू लागते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वेबजीएल या मानकाने संगणकातील ग्राफिक्स प्रोसेसर या कामास जुंपला आणि त्रिमितीय दृश्ये ब्राउझरच्या आवाक्यात आली.

प्रमुख रचना : ‘ब्राउझर बॉल’ या आरंभीच्या प्रयोगात अनेक खिडक्या उघडून एका खिडकीतील चेंडू दुसरीत फेकता येतो, प्रत्येक खिडकी पडद्यावर नेमकी कोठे आहे याचा हिशेब प्रोग्राम ठेवीत असल्यामुळे चेंडू एकीची हद्द ओलांडून शेजारच्या खिडकीत उतरतो. ‘मिस्टरडूब’ या नावाने परिचित असलेल्या रिकार्डो काबेयो यांच्या ‘गूगल ग्रॅव्हिटी’त शोधपृष्ठाचे बोधचिन्ह, बटणे व रकाना गुरुत्वाकर्षणाने तळाशी कोसळतात आणि माउसने उचलून भिरकाविता येतात. क्रिस मिल्क दिग्दर्शित ‘द वाइल्डरनेस डाउनटाउन’ (२०१०) या आर्केड फायर वाद्यवृंदाच्या गीतावरील चित्रपटिकेत प्रेक्षक आपल्या बालपणीच्या घराचा पत्ता देतो, आणि त्याच परिसराची नकाशांतील छायाचित्रे अनेक खिडक्यांतून कथानकात गुंफली जातात.

महत्त्व : वेबपृष्ठाचा कोड कोणासही उघडून पाहता येत असल्याने येथील प्रत्येक रचना नवशिक्यासाठी पाठही ठरली, तो वाचावा, त्यातील एखादा आकडा बदलावा आणि परिणाम तत्काळ पाहावा, ही सोय अन्य कलांच्या उमेदवारांना क्वचितच लाभते. काबेयो यांनी २०१० मध्ये खुली केलेली ‘थ्री.जेएस’ ही लायब्ररी याच परंपरेची, आणि ब्राउझरमधील त्रिमितीय चित्रणासाठी ती आज सर्वत्र वापरली जाते. मात्र ब्राउझरचे नियम व बाह्य सेवा बदलल्या की त्यांवर विसंबलेल्या जुन्या रचना निकामी होण्याचा धोका असतो. म्हणून चित्रे व ग्रंथ यांप्रमाणेच या प्रयोगांचे मूळ कोडही दप्तरी जतन होणे अगत्याचे आहे. कारण केवळ छायाचित्र वा वर्णन मागे उरल्यास, प्रेक्षकाच्या हाताने पूर्ण होणे हा जो या कलेचा प्राण, तोच हरपतो.