टाकळीच्या दगडातला शंकू

विदर्भातल्या दिग्रसच्या आसपास कुणाला सूचिपर्णी झाड दाखवायला सांगितलं, तर बोट हमखास सुरूकडे जातं. पानं सुयांसारखी, फळही शंकूसारखंच दिसणारं, त्यामुळे फसगत व्हायचीच. पण सुरू हा ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाकडचा, आणि फुलणारा. खऱ्या सूचिपर्णीला फूल येत नाही. त्याचं बी फळात झाकलेलं नसतं, खवल्यावर उघडं असतं. बंगल्यांपुढे लावतात तो अराउकेरिया सूचिपर्णी खरा, पण तो पॅसिफिकमधल्या बेटांवरून आलेला.

विंध्याच्या दक्षिणेला आज एकच सूचिपर्णी रानात आपला आपण वाढतो, नागेया वालिचियाना. त्याची पानं तर रुंद असतात, मधली शीर नसलेली. केरळ-तमिळनाडूकडच्या सह्याद्रीत, सदाहरित जंगलात तो सापडतो. अरुणावती नदीच्या बाजूच्या साग-मोह-पळसाच्या कोरड्या रानात त्याची आशा धरू नये. विदर्भाचा स्वतःचा सूचिपर्णी शोधायचा तर खडक फोडावा लागतो.

दिग्रसची जमीन ज्या काळ्या पाषाणाची, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. दोन उद्रेकांमध्ये शांततेचा काळ जाई, तळी साचत, झाडं उगवत. पुढचा लाव्हा येई आणि तळ्यातला गाळ दोन थरांमध्ये बंद होई. नागपूरजवळच्या टाकळीला असा गाळ उघडा पडला होता. १८४५ मध्ये नागपूरला आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी तिथून बिया, फळं, लाकूड, गोड्या पाण्यातले शंख, किड्यांची पंखकवचंसुद्धा गोळा केली. त्यांचा निबंध लंडनच्या भूवैज्ञानिक नियतकालिकात १८५५ मध्ये छापून आला. हिस्लॉप यांच्या नजरेचं मला फार मोल वाटतं. त्यांच्या नावाचं कॉलेज विदर्भात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यांचे दगड मात्र फारसे कुणाला ठाऊक नाहीत. १८६३ च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना रात्री पूर आलेल्या नाल्यात ते बुडाले.

टाकळीच्या गाळात दगड झालेले शंकूही होते. त्यांना शास्त्रीय नाव मिळायला १९३१ उजाडलं. पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी भारतातल्या सूचिपर्णी जीवाश्मांची नव्याने तपासणी केली, आणि त्यात टाकलिओस्ट्रोबस व इंडोस्ट्रोबस ही नावं आली. दगड झालेला शंकू ओळखायचा तर त्याचे प्रकाश आरपार जाईल इतके पातळ काप घ्यावे लागतात. मधला दांडा, त्याभोवती फिरत गेलेले खवले, खवल्यावरचं उघडं बी हे सारं सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून जुळवावं लागतं. सुरू आणि सूचिपर्णी वेगळे करणारी खूण इथेही तीच.

या थरांमधली बहुतेक लाकडं आणि फळं ताडकुळीची आणि इतर फुलणाऱ्या झाडांची आहेत, शंकू अगदी मोजके. म्हणजे सूचिपर्णी इथे दुर्मिळ झाला तो माणसाच्या कुऱ्हाडीने नव्हे. लाव्हा वाहत होता त्या काळीच तो मागे पडत चालला होता.