दहा मिलिग्रॅम : गाळपाचं तेल आणि कृष्णेचं पाणी

आजचा एपिसोड तेलाचा आहे. फोडणीच्या नव्हे, वंगणाच्या.

'वंगण' हा शब्द आपल्याकडे कारखान्यांच्या आधीपासून आहे, तो बैलगाडीचा. आख कुरकुरला की वंगण घालायचं, कुरकुर थांबली की काम झालं. टेस्टिंगचं इन्स्ट्रुमेंट म्हणजे कान. मग १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, कराडशेजारी ओगलेवाडीत काचेचा कारखाना आला, आणि या पट्ट्यात यंत्रं वाढत गेली. त्यांचा आवाज एवढा की एका बेअरिंगची कुरकुर कानाला कळणार कशी?

तेल नक्की करतं काय, हेही जगाला उशिराच कळलं. १८८३ मध्ये इंग्लंडात बोशँप टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल घालायला वर भोक पाडलं, तर तेल उलटं बाहेर यायला लागलं. त्यानं बूच मारलं, ते वर आलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही वर आली. शेवटी प्रेशर गेज लावला आणि काटा टोकाला गेला. म्हणजे फिरणारा शाफ्ट स्वतःच तेलाचा दाब तयार करतो आणि त्या पातळ थरावर तरंगतो. १८८६ मध्ये ऑसबॉर्न रेनॉल्ड्सनं याचं गणित मांडलं. मला ही गोष्ट जाम आवडते, कारण शोध लागला तो गळतीमुळे!

पुढची उडी १९४० च्या दशकातली. अमेरिकेत डेन्व्हर अँड रिओ ग्रान्दे रेल्वेच्या लॅबनं डिझेल इंजिनातलं वापरलेलं तेल स्पेक्ट्रोमीटरमध्ये घालून त्यातले धातू मोजायला सुरुवात केली. लोखंड वाढलं, तांबं वाढलं, की आत काहीतरी झिजतंय. इंजिन न उघडता. आपण सर्व्हरचे लॉग वाचतो, तसंच हे. आणि लॅब नसेल तर साधी युक्ती आहे : तापलेल्या पत्र्यावर थेंब टाका. तडतडला, तर तेलात पाणी शिरलंय.

साखर कारखान्यात ही तडतड महत्त्वाची. आपल्या भागात रेठरे बुद्रुकचा कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्री. हंगामात गाळप रात्रंदिवस चालतं. मिलच्या रोलरवर प्रचंड भार, शेजारी रस आणि पाणी सारखं उडतंय. बेअरिंग अडकलं तर मिल बंद, आणि बाहेर उसाच्या ट्रॉल्या उभ्या. ऊस वाळतो, उतारा घटतो, वजन घटतं. म्हणून तेल कमी पडू देत नाहीत. जुन्या पद्धतीच्या मिलमध्ये ते ठिबकत राहतं, फरशीवर येतं, फरशी धुतली की गटारात. मशीन वाचवणारं तेच तेल नदीकडे निघतं.

तिथं कायदा आडवा येतो. महाराष्ट्रानं १९६९ मध्येच जलप्रदूषणाचा कायदा केला, केंद्राच्या १९७४ च्या कायद्याआधी. १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ आलं. नदीत सोडायच्या पाण्यात तेल-ग्रीसची मर्यादा आहे लिटरला १० मिलिग्रॅम. म्हणजे ग्रॅमचा शंभरावा भाग. प्रीतिसंगमाच्या खाली हेच पाणी सांगलीकडे जातं आणि लोकांच्या नळाला येतं, त्यामुळे आकडा कडक आहे ते बरंच आहे.

मोजतात कसं? बाटली काचेची, कारण तेल प्लॅस्टिकला चिकटतं. नमुन्यात आम्ल घालायचं, मग हेक्झेनसारखा सॉल्व्हंट घालून हलवायचं. तेल त्यात उतरतं. सॉल्व्हंट उडवायचा आणि उरलेलं वजन करायचं. एवढंच. पण यात एक गोम आहे. सॉल्व्हंटमध्ये जे उतरेल आणि तापवल्यावर जे उडणार नाही, त्यालाच ही टेस्ट 'तेल' म्हणते. डिझेलचा बराचसा हलका भाग उडून जातो, तो आकड्यात येतच नाही. उलट मेणासारखे नैसर्गिक पदार्थही मोजले जातात. व्याख्या टेस्टच ठरवते.

गंमत म्हणजे अमेरिकेत यासाठी फ्रिऑन-११३ वापरायचे. पाणी तपासायला वापरलेलं रसायन ओझोनचा थर खात होतं! १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ते सोडावं लागलं आणि १९९९ मध्ये हेक्झेनची पद्धत अधिकृत झाली. नव्या पद्धतीचे आकडे जुन्यांशी तंतोतंत जुळत नाहीत, म्हणजे बॅकवर्ड कंपॅटिबिलिटीचा घोळ तिथंही.

आता २०१४ पासून केंद्रीय मंडळानं साखर कारखान्यांना ऑनलाइन मॉनिटरिंग लावायला सांगितलं. पीएच, बीओडी, सीओडी, टीएसएस, फ्लो हे सेन्सरवरून थेट जातं. त्या यादीत तेल-ग्रीस नाही. त्यासाठी अजूनही माणूस बाटली घेऊन गटाराशी जातो. बाटली त्या पाण्यानं विसळायची नाही, कारण काचेला चिकटलेलं तेल मोजणीत जास्तीचं धरलं जाईल. दिवसभराचे नमुने एका भांड्यात मिसळायचे नाहीत, एकदाच भरायची. मग ती मिलची फरशी धुतल्यावर भरली की पहाटे सगळं शांत असताना, यावर रिपोर्टमधला आकडा बदलतो. वेळ बाटलीच्या लेबलवर लिहिलेली असते. रिपोर्ट हातात आला, तर आधी ती वाचा.