केनिग्सबर्गचे सात पूल आणि १३८ वर्षे अपुरी राहिलेली सिद्धता

#धागा

१/ ग्राफ थिअरी, म्हणजेच आलेख सिद्धान्त, शिकवणारे जवळजवळ प्रत्येक पुस्तक एकाच गोष्टीने सुरू होते. प्रशियातील केनिग्सबर्ग शहर, प्रेगेल नदी आणि सात पूल. प्रत्येक पूल एकदा आणि एकदाच ओलांडून फेरफटका पुरा करता येईल का? लिओनार्ड ऑयलरने चार ठिपके आणि सात रेषा काढल्या, ‘नाही’ असे उत्तर दिले आणि एक नवे शास्त्र जन्माला आले. गोष्ट सुटसुटीत आहे. मात्र तिच्यात दोन गफलती आहेत. ऑयलरच्या निबंधात ते ठिपक्यांचे चित्र नाही. आणि आज त्याच्या नावाने शिकवल्या जाणाऱ्या प्रमेयाचा अर्धा भाग त्याने सिद्ध केलेला नाही.

२/ प्रथम भूगोल. प्रेगेलच्या पात्रात क्नाइपहोफ नावाचे बेट. त्याच्या पूर्वेस नदीच्या दोन शाखांमधला भूभाग, शिवाय उत्तर आणि दक्षिण काठ. बेटावरून प्रत्येक काठाला दोन-दोन पूल आणि पूर्वभागाकडे एक, असे पाच. पूर्वभागातून प्रत्येक काठाला एकेक. एकूण सात.

३/ ऑगस्ट १७३५ मध्ये ऑयलरने आपले उत्तर सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे वाचले, तेव्हा तो २८ वर्षांचा होता. १७३६ सालच्या खंडातला तो निबंध प्रत्यक्ष छापून आला १७४१ मध्ये. दान्त्सिगच्या कार्ल एलर यांनी या कोड्याविषयी त्याला पत्र लिहिले होते. एप्रिल १७३६ मधल्या उत्तरात ऑयलर काहीसा त्रासलेला दिसतो: याचा गणिताशी फारसा संबंध नाही, हे निव्वळ तर्काचे काम आहे, मग ते गणितज्ञाकडूनच का अपेक्षावे, असा त्याचा सूर आहे.

४/ त्याची युक्ती चित्राची नव्हती, अक्षरांची होती. चार भूभागांना त्याने चार अक्षरे दिली. मग कोणताही फेरफटका म्हणजे अक्षरांची एक ओळ. सात पूल एकेकदा ओलांडायचे, तर ओळीत नेमकी आठ अक्षरे हवीत. आता ज्या भूभागाला तीन पूल आहेत, त्याचे अक्षर ओळीत दोनदा यावेच लागते, मग सुरुवात तेथून होवो वा अन्य कोठून. पाच पूल असतील तर तीनदा. बेटाचे तीन आणि उरलेल्या तिघांचे दोन-दोन, बेरीज नऊ. आठ घरांत नऊ अक्षरे बसत नाहीत. संपले! नकाशावर एकही वाट चालून न पाहता सगळ्या वाटा एकदम नाकारल्या गेल्या. या सिद्धतेचे खरे सौंदर्य मला यातच दिसते.

५/ येथे न थांबता त्याने कोणत्याही शहराला लागू पडेल असा नियम शोधला. प्रत्येक भूभागाचे पूल मोजून बेरीज केली, तर प्रत्येक पूल दोन टोकांकडून दोनदा मोजला जातो. म्हणून बेरीज समच येते, आणि म्हणून विषम पूल असलेल्या भूभागांची संख्याही समच असते. (हस्तांदोलनाचे प्रमेय म्हणून वर्गात शिकवतात, ते हेच.) असे विषम भूभाग दोनांहून अधिक असतील, तर फेरफटका अशक्य. दोनच असतील तर त्यांपैकी एकातून निघून शक्य. एकही नसेल तर कोठूनही शक्य.

६/ यातले ‘अशक्य’ त्याने सिद्ध केले. ‘शक्य’ मात्र नुसते सांगितले: दोन भूभागांमधल्या पुलांच्या जोड्या मनातल्या मनात काढून टाका, उरलेल्यांतून वाट सहज सापडेल. अडथळा नाही, म्हणून वाट असलीच पाहिजे, हे वेगळे सिद्ध करावे लागते. ऑयलरचा शब्द म्हणजे सिद्धता नव्हे. १७८२ मध्ये लॅटिन चौरसांविषयी त्याने असाच एक अंदाज बांधला होता. १९५९ मध्ये राजचंद्र बोस, अर्नेस्ट पार्कर आणि पुढे मुंबई विद्यापीठात प्राध्यापक झालेले शरदचंद्र श्रीखंडे यांनी तो खोटा ठरवला.

७/ पुलांबाबत मात्र त्याचे म्हणणे खरे होते. ते सिद्ध करणारा कार्ल हिअरहोल्झर हा कार्ल्सरुऽ येथला तरुण अध्यापक. त्याने ती सिद्धता सहकाऱ्यांना तोंडी सांगितली, आणि कागदावर उतरवण्यापूर्वीच सप्टेंबर १८७१ मध्ये त्याचे निधन झाले. वय अवघे ३०. क्रिस्टियान व्हीनर यांनी याकोब ल्यूरोट यांच्या मदतीने ती स्मरणातून लिहून काढली आणि १८७३ मध्ये हिअरहोल्झरच्याच नावाने प्रसिद्ध केली. आज संगणकशास्त्राचे विद्यार्थी ‘हिअरहोल्झरची रीत’ शिकतात, ती त्या मित्रांच्या स्मरणशक्तीमुळे आणि सचोटीमुळे.

८/ सिद्धता अशी. आलेख सलग आहे आणि प्रत्येक बिंदूपाशी समसंख्य रेषा मिळतात. एका बिंदूतून निघा, वापरलेली रेषा पुन्हा घेऊ नका. ज्या बिंदूत शिरलात तेथून बाहेर पडायला रेषा उरतेच, कारण संख्या सम आहे. अडकाल तर फक्त आरंभबिंदूपाशी. म्हणजे एक बंद फेरी मिळाली. काही रेषा उरल्या आहेत? आलेख सलग असल्याने त्यांपैकी एखादी तरी या फेरीवरच्या बिंदूला टेकलेली असणार. फेरीने प्रत्येक बिंदूच्या समसंख्य रेषा वापरल्या, तेव्हा उरलेल्याही समच. त्या बिंदूतून नवी फेरी काढा आणि पहिलीत ओवा. रेषा मर्यादित आहेत. कधीतरी सगळ्या संपतात.

९/ विषम बिंदू दोन असतील तर त्यांना जोडणारी एक काल्पनिक रेषा घाला, फेरी पुरी करा, मग ती रेषा पुसा.

१०/ ‘ग्राफ’ हा शब्द या अर्थाने जेम्स सिल्व्हेस्टरने रसायनशास्त्रातील आकृत्यांवरून १८७८ मध्ये आणला. केनिग्सबर्गचे ते प्रसिद्ध चार ठिपक्यांचे चित्र त्याहूनही नंतरचे, राउज बॉलच्या १८९२ च्या गणिती रंजनाच्या पुस्तकातले. या विषयाचा पहिला स्वतंत्र ग्रंथ हंगेरीच्या डेनेश क्योनिगने १९३६ मध्ये लिहिला.

११/ क्योनिग ज्यू कुटुंबातला. ऑक्टोबर १९४४ मध्ये बुडापेस्टमध्ये हंगेरियन नाझींनी सत्ता बळकावली, आणि काही दिवसांतच त्याने आपले आयुष्य संपवले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्रिटिश विमानांनी केनिग्सबर्ग जाळले होते; क्नाइपहोफची दाट वस्ती नाहीशी झाली, सातांपैकी दोन पूल पडले. शहर सोव्हिएत संघात गेले आणि १९४६ मध्ये कालिनिनग्राद झाले. पुढे आणखी दोन पुलांच्या जागी बेटावरून जाणारा मोठा रस्ता आला. आता ऑयलरच्या सात जागांपैकी पाच ठिकाणी नदी ओलांडता येते. दोन्ही काठांना दोन-दोन पूल उरले. बेटाला तीन, पूर्वभागाला तीन. विषम भूभाग दोनच. बेटावरून निघालेला माणूस हे पाचही पूल एकेकदा ओलांडून पूर्वभागात पोहोचू शकतो.