'अनुज्ञेय' यंत्र आणि खाणकामगाराचा श्वास : अमेरिकी डिझेल-नियमनाचा एक अध्याय

अमेरिकी खाणकायद्यात 'परमिसिबल' हा शब्द एका संकुचित अर्थाने रूढ झाला. १९१० साली स्थापन झालेल्या ब्यूरो ऑफ माइन्सच्या परिभाषेत, मिथेनयुक्त खाणीत जे भडका उडवणार नाही ते 'परमिसिबल'. त्यासाठी 'अनुज्ञेय' हा प्रतिशब्द योजला की परवानगीची छटा येते, पण भडक्याचे भय हरवते. भाषांतराची ही अडचण येथे क्षुल्लक नाही. कारण डिझेल यंत्र कोळशाच्या भुयारात शिरले ते याच व्याख्येच्या आधाराने. त्याचा पृष्ठभाग १५० अंश सेल्सिअसहून अधिक तापू नये, ठिणगी बाहेर पडू नये, विषारी वायू विरळ करण्याइतका वारा खेळता असावा, एवढ्यावर नियमांचा भर होता. काजळीच्या सूक्ष्म कणांना त्या परिभाषेत स्थानच नव्हते.

१९८८ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला 'संभाव्य कर्करोगकारक' ठरविले. तरीही १९८९ च्या ऑक्टोबरात मांडलेला यंत्रविषयक मसुदा अंतिम होण्यास १९९६ चा ऑक्टोबर उजाडला. राज्यांची रीत निराळी होती. पेनसिल्व्हेनियाने १९९६ च्या अखेरीस कण गाळणाऱ्या साधनाची सक्ती केली. पश्चिम व्हर्जिनियात तर १९९७ पर्यंत कोळशाच्या भुयारात डिझेलला बंदीच होती.

खरा पेच २००१ च्या कणविषयक नियमांत दिसतो. इतर खाणींसाठी हवेतील कर्बाची मर्यादा ठरली, अंतिमतः घनमीटरला १६० मायक्रोग्रॅम. कोळसाखाणीत मात्र हवेतला कर्ब धुराचा की कोळशाच्या धुळीचा, हे खात्रीने सांगता येईना. म्हणून तेथे मोजमाप कामगाराच्या भोवतालच्या हवेचे न होता इंजिनाचे झाले : अवजड यंत्राने ताशी २.५ ग्रॅमहून अधिक कण सोडू नयेत. कामगाराच्या श्वासात प्रत्यक्ष किती काजळी गेली, याचा आकडा या नियमाने मागितलाच नाही. व्यवहाराच्या दृष्टीने ही तडजोड समर्थनीय म्हणता येईल. पण ज्याच्या रक्षणासाठी नियम, तोच मोजणीतून निसटला.

मार्च २०१२ मध्ये आठ खाणींतील १२,३१५ कामगारांचा दीर्घ अभ्यास प्रसिद्ध झाला. डिझेलच्या धुराचा संपर्क जितका अधिक, तितका फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यूचा धोका मोठा, असे त्यात आढळले. त्याच वर्षी जूनमध्ये 'संभाव्य' हे विशेषण गळाले. त्या आठ खाणी मीठ, पोटॅश, ट्रोना आणि चुनखडीच्या होत्या. कोळशाची त्यांत एकही नव्हती.