दाढेत चांदी भरावी की दाताच्या रंगाचे फिलिंग?

आपल्या साठीपुढच्या अनेक सभासदांच्या दाढेत जुनी 'चांदी' आहे. आता मुले-सुना म्हणतात, त्यात पारा असतो, काढून टाका. निर्णयाआधी दोन्ही प्रकार समजून घेतलेले बरे.

चांदी (अमाल्गम) : यात वजनाने सुमारे निम्मा पारा, बाकी चांदी, कथील व तांबे. मजबूत, स्वस्त आणि थोड्या ओलाव्यातही बसणारी. मात्र ती दाताला चिकटत नाही. ती अडकून राहावी म्हणून चांगला दातही थोडा कोरावा लागतो. पूर्ण घट्ट व्हायला सुमारे एक दिवस लागतो, तोवर त्या बाजूने कडक चावू नये.

कंपोझिट : राळ आणि काचेची बारीक पूड यांचे मिश्रण. थर देऊन निळ्या प्रकाशाने घट्ट करतात. दाताला चिकटते, त्यामुळे कोरणे कमी आणि लगेच जेवता येते. पण काम करताना दात पूर्ण कोरडा हवा. वेळ व खर्च जास्त. घट्ट होताना किंचित आकसते, कडेला फट राहिली तर पुन्हा कीड लागते. मागच्या दाढांत ते चांदीपेक्षा लवकर खराब होण्याचे प्रमाण जास्त आढळले आहे. चहा-तंबाखूचे डागही चढतात.

पाऱ्याचे काय? भरलेल्या चांदीतून पाऱ्याची वाफ अत्यल्प निघते. जगाची मोठी चिंता पर्यावरणाची आहे. पाऱ्यावरील मिनामाता करारात भारत २०१८ मध्ये सामील झाला. १५ वर्षांखालील मुले, गर्भवती व स्तनदा माता यांना चांदी भरू नये, असे २०२२ मध्ये ठरले. अपवाद फक्त दंतवैद्याला आवश्यक वाटल्यास. २०२५ च्या जिनिव्हा परिषदेत २०३४ पर्यंत तिचा वापर थांबवण्याचे ठरले. म्हणजे नातवंडांसाठी प्रश्न जवळपास सुटलेलाच आहे.

जुनी चांदी शाबूत असेल, तर केवळ भीतीने काढू नये. कोरताना पाऱ्याची वाफ उलट जास्त उडते आणि दातही झिजतो. ती फुटली, हलली किंवा खाली कीड लागली, तरच बदलावी.

दुसरे मत हवे असल्यास नेहरूनगरचे केएलई दंत महाविद्यालय आणि मराठा मंडळाचे दंत महाविद्यालय बेळगावातच आहेत. जाताना तीन प्रश्न विचारा : जुने फिलिंग का काढायचे? कोणते भरणार? ते किती वर्षे टिकेल?